थोरलीची जागा

धाकटीने पिशवीत दोन कपडे टाकले, कंगवा टाकला, आणि सगळ्यात तळाला, टॉवेलात गुंडाळून, शिवणाची मोठी कात्री ठेवली. चार दिवसांसाठी माहेरी जाणारी बाई कात्री नेत नसते. हे तिला ठाऊक होतं आणि उंबऱ्याशी लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनाही ठाऊक होतं. सासूबाईंची नजर पिशवीकडे नव्हतीच. ती शिवणयंत्राशेजारच्या खिळ्याकडे होती, आणि खिळा रिकामा होता.

एरवी सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा थांबता थांबत नसे. दूध पातळ आलं तर त्या दूधवाल्याच्या आजोबांपर्यंत पोचायच्या. आज मात्र मूग गिळून बसल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "लवकर ये गं धाकटे. एकटीला हे घर खायला उठतं."

"हो आई," धाकटी म्हणाली, आणि खोटं बोलल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

आता धाकटी म्हणायची तर घरात थोरली हवी. होती ना, भिंतीवरच्या फोटोत होती, नवऱ्याची पहिली बायको. धाकटी लग्न होऊन येण्याच्या आदल्या वर्षी ती छातीच्या दुखण्याने गेली. पण माणूस गेलं म्हणजे घरातून निघालं, असं थोडंच असतं! जिथे आता शिवणयंत्र होतं तिथे पूर्वी थोरलीची खाट होती. भिंतीवर तिच्या उशाचा तेलकट डाग होता, आणि चुन्याचे हातावर हात मारले तरी तो पुन्हा वर यायचा. धाकटी पायाने यंत्र चालवायची तेव्हा तो डाग बरोबर तिच्या कानाशी असायचा. झोपताना ती पलंगाच्या अगदी कडेला झोपायची. नवरा म्हणायचा, "अगं, पडशील." ती म्हणायची, "मला सवय आहे." सवय कसली डोंबलाची! ती मधे जागा सोडत होती. कोणासाठी, ते स्वतःशी बोलायचीसुद्धा तिला भीती वाटायची.

तरी ती घराला निभावून नेत होती. घर गप्प असतं. गप्प नव्हती ती नवऱ्याची मोटरसायकल.

नवरा वायरमन होता. अख्खी गल्ली त्याला वायरमनच म्हणायची. लोकांच्या घरातला कुठलाही बिघाड तो भिंतीला हात लावून हुडकून काढायचा. गाडी जुनी होती, पण त्याने जिवापाड जपलेली. तो एकटा चालवायचा तेव्हा ती अशी गुळगुळीत पळायची की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा मान वर करायचं नाही. हत्यारांची पिशवी मागे बांधली तरी काही नाही. पण धाकटी मागे बसली, गाडी जरा पुढे गेली, की खालून आवाज यायचा. फट्. मग जरा थांबून, फट् फट्. गाडी झटके द्यायची, वेग सोडायची, गुदमरायची, पुन्हा जीव धरायची.

पहिल्या वेळी नवऱ्याने प्लग बदलला. नंतर कार्ब्युरेटर उघडून धुतला, टाकी रिकामी करून गाळ काढला, कॉइल नवी घातली. पालथ्या घड्यावर पाणी. त्याने गाडीचा एकेक अवयव उघडून पुसून परत बसवला, आणि धाकटी बसली की फट्.

हेही तिने पोटात घातलं असतं. पण एका संध्याकाळी दोघं बाजारातून परत आली, गाडी दारात दोनदा गुदमरून बंद पडली, आणि आतून सासूबाई बोलून गेल्या, "अगं बाई! अगदी थोरलीसारखी खोकते गं ही!" बोलल्या आणि पदर तोंडाला लावून बसल्या. पण सुटलेला शब्द आणि फुटलेलं भांडं, गोळा करून काय उपयोग? धाकटीने थोरलीला खोकताना ऐकलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र ती रोज ऐकू लागली. एक सुटा खोकला, मग दोन जोडून.

आणि वास. उन्हात उभी राहिलेली गाडी तापली की सीटमधून निलगिरीच्या तेलाचा वास यायचा. आजारी माणसाच्या छातीला चोळतात ते तेल. घरात त्याची बाटली नव्हती, तिने फळीन् फळी शोधली होती. गल्लीतल्या बायका तर काय, टपलेल्याच. नळावर एकजण हसत म्हणाली, "जित्या सवतीला निदान शिव्या देता येतात बाई!" धाकटी तिच्याबरोबर हसली आणि घरी येऊन रडली.

ती काही भित्री नव्हती. बापाच्या मागे भावाला वाढवलं, शिवणावर घर चालवलं. पण रोज रोज कोणी आपल्याला उतर म्हणत असेल तर माणूस किती दिवस बसून राहील? गेल्या आठवड्यात चढावर गाडी खोकली, मागून येणारा टेम्पो अगदी चाटून गेला, आणि तिने मनात ठरवलं. ही आपली जागा नाही. भावाकडे जायचं, तिथे दुकान थाटायचं, आणि परत यायचं नाही. नवऱ्याला सांगितलं, चार दिवस जाऊन येते.

तो म्हणाला, "सोडतो स्टँडवर."

ती नेहमीसारखी सीटच्या पार मागच्या टोकाला बसली. पुढे वीतभर जागा सोडून, पिशवी मांडीवर घेऊन, एका हाताने मागची दांडी घट्ट धरून. नवऱ्याला धरायची तिला सवयच नव्हती. त्याने विचारलं, "बसलीस?" तिने "हं" केलं.

गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी शहाण्यासारखी गेली. दवाखान्यापाशी रस्ता उखडलेला होता, मधोमध आडवा उंचवटा होता. तिथे नवऱ्याने नेहमीप्रमाणे वेग इतका कमी केला की गाडी जवळजवळ थांबली, आणि काचेची भांडी नेत असल्यासारखी हलकेच पलीकडे उतरवली. उतरली मात्र, आणि फट्. फट् फट्. धाकटीने डोळे मिटले. 'जाते आहे ना मी! आता तरी गप्प बस,' ती मनात म्हणाली. गाडी गप्प बसली खरी. बंदच पडली. धाकटी मागे बसलेली असतानाच नवऱ्याने किक मारमारून घाम गाळला, शेवटी दोघांनी ढकलत ती कोपऱ्यावरच्या फिटरच्या गॅरेजात नेली.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, ऑइलने काळी पडलेली जमीन, आणि भिंतीवर टांगलेल्या साखळ्या. फिटर पन्नाशीचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. नवऱ्याला पाहताच तो ओरडला, "या वायरमन! साऱ्या गावात उजेड, आणि दिव्याखाली अंधार! पुन्हा मिसिंग?"

"पुन्हा."

"वहिनी बसल्या होत्या?"

नवऱ्याने नुसती मान डोलावली. म्हणजे ही गोष्ट गॅरेजपर्यंत पोचली होती.

"माझी बस जाईल," ती म्हणाली.

"बस काय, रोजच जाते वहिनी," फिटर म्हणाला. "पण आज ही बया माझ्या दारात येऊन मेली आहे. आज मी तिला सोडत नाही. बसा त्या स्टुलावर."

त्याने गाडी मेन स्टँडला लावली. प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी निळी, टपोरी. "ठिणगीला तोटा नाही." पेट्रोलची नळी काढून बघितली, धार सरळ. टाकीचं झाकण सैल करून बघितलं, आत हवा जाते की नाही म्हणून. मग प्लग परत बसवून किक मारली, आणि इंजिन पहिल्याच किकेला सुरू झालं. फिटरने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. गाडी एका लयीत चालली होती. कुठे खोकला नाही, काही नाही.

तो एकटा एक चक्कर मारून आला. स्वच्छ. मग नवऱ्याला मागे बसवून मारून आला. स्वच्छ. नवरा फिटरच्या पाठीला चिकटून बसला होता. फिटरचं पोट टाकीवर आणि नवऱ्याचं नाक फिटरच्या मानेत. दुसरा दिवस असता तर धाकटी खळखळून हसली असती.

"आता तुम्ही बसा वहिनी," फिटर म्हणाला. "इथेच, स्टँडवर. चालू गाडीवर नुसतं बसा."

"मला नाही बसायचं."

"अहो, खाली पडणार नाही तुम्ही, चाक जमिनीला टेकलेलं नाही."

"पडायची भीती नाही मला." तिचा आवाज चढला. "तुम्हाला सगळं माहीत आहे आणि वर मला बसा म्हणता? तमाशा बघायचाय?"

फिटरचं हसू गेलं. तो हात पुसत जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तमाशा नाही वहिनी. गाडीला जे होतं ते माझ्यासमोर झालं तरच मला कळणार. एकदाच बसा. माझ्या बहिणीसारख्या आहात म्हणून सांगतो."

ती उठली. पिशवी स्टुलावर ठेवली, आणि सीटच्या मागच्या टोकाला बसली. फिटरने गिअर टाकून जरा रेस वाढवली.

फट्.

मग दोन जोडून. मागचं चाक हवेत झटके देऊ लागलं. सगळी गाडी तिच्याखाली खोकल्याने हलत होती, आणि तापलेल्या सीटमधून तो वास वर आला, ओळखीचा, औषधी, छातीत भरणारा. धाकटीच्या अंगावर काटा उभा राहिला. ती उतरली. गाडी लगेच शांत. फिटरने खुणेनेच पुन्हा बसा म्हटलं. ती बसली. फट्. उतरली. शांत.

फिटरने इंजिन बंद केलं नाही. तो नुसता बघत राहिला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकदा गाठ पडते, दोनदा पडते. दर वेळी पडत नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला तेव्हा कपाळ काळं झालं. "आयला," तो पुटपुटला, आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

मग पुन्हा धाकटीकडे नीट बघून त्याने विचारलं, "वहिनी, तुम्ही इतक्या मागे का बसता? जरा पुढे सरका."

"पुढे नको."

"का? जागा आहे की एवढी."

"पुढे नको म्हटलं ना!"

"अहो पण का?"

आणि धाकटीच्या तोंडून ते निघून गेलं, इतके महिने दातांमागे धरलेलं. "पुढे त्या बसतात."

नवरा पाना हातात धरून खांबाशी उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. "मी त्यांची जागा घेतली नाही. कधी घेतली नाही. वीतभर सोडून बसते, पलंगावरही सोडून झोपते. तरी मला राहू देत नाहीत. मी काय करू आणखी?"

नवरा पाना हातातल्या हातात फिरवत राहिला. फिटर मात्र फिटरच. तो गाडीपाशी वाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "एकदा पुढे सरका वहिनी. माझ्यावर भरवसा ठेवून. काही झालं तर मी आहे."

तिने डोळे पुसले. दोन्ही हात सीटवर टेकून ती सरकली. वीतभर. जिथे कधी बसली नव्हती तिथे.

गाडी खोकायची थांबली.

फिटरने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. एका लयीत, गुळगुळीत. "आता मागे." ती मागे सरकली. फट् फट्. "पुढे." शांत. फिटरने किल्ली फिरवली आणि मांडीवर थाप मारली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! टाकी धुतो, कॉइल बदलतो, आणि रोग बसलाय सीटखाली! वायरमन, दे तो पाना. सीट काढू."

"सीट नको," नवरा म्हणाला.

"काय?"

"सीट उघडायची नाही." त्याने गाडीजवळ येऊन सीटवर हात ठेवला, तापलेल्या सीटवर, आणि काढला नाही. धाकटीने त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आताही आवाज चढला नव्हता. पण त्यात काहीतरी असं होतं की फिटर एक पाऊल मागे सरला.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाने गाडीचं सगळं उघडलं होतं. रविवारचे रविवार अंगणात बसून स्क्रू न् स्क्रू. ती चहाचा कप घेऊन जायची तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्रावर सगळी गाडी मांडलेली असायची. सीट मात्र नेहमी जागच्या जागी.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"खोकल्याचं कारण ठाऊक नव्हतं. शप्पथ." तो तिच्याकडे बघत नव्हता. "पण खाली काय आहे ते ठाऊक आहे. मीच ठेवलंय."

"मग उघडा. नाहीतर मी इथून चालत स्टँडवर जाते."

मग खाली बसून त्याने स्वतःच दोन नट सोडवले, आणि सीट उचलून उलटी केली.

सीटचा पत्रा मागच्या बाजूला गंजून चाळण झाला होता. आणि तिथे, गाडीच्या सांगाड्यावर बसेल अशी, जाड घडी करून शिवलेली एक शाल होती. राखी रंगाची, किनारीला लाल दोरा. काळपट, दबलेली, निलगिरीच्या वासाने भरलेली. थोरलीच्या फोटोत तिच्या खांद्यावर होती तीच. धाकटीने रोज बघितलेली.

फिटरने घडीखाली बोट घातलं. "हे बघा. इथून वायर जाते. पत्र्याच्या गंजलेल्या कडेने सोलून निघाली. मागच्या टोकाला वजन पडलं की घडी दबते, घडी वायरला दाबते, वायर लोखंडाला टेकते, आणि ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच पळते. पुढे बसणाऱ्याला काही नाही. मागे कोणी बसतच नाही. तुम्ही सोडून."

धाकटी शालीवरचे टाके बघत होती. गोणपाट शिवायच्या जाड सुईने, काळ्या दोऱ्याने घातलेले, एक लांब, एक आखूड, एक तिरका. पत्र्याच्या भोकांतून ओवून पक्के केलेले. बाईच्या हातचे टाके असे नसतात. सुई बोटात घुसत असताना, घाईत, कोणीतरी घातलेले होते ते.

नवरा जमिनीकडे बघत बोलू लागला. "दवाखान्यात न्यायचो तिला. शेवटी शेवटी काही उरलं नव्हतं तिच्यात, नुसती हाडं. पत्रा मागून बसला होता, खड्डा आला की सांगाड्यावर आदळायचा. ती ओरडायची नाही. नुसती माझा शर्ट मुठीत धरायची. मूठ घट्ट झाली की मला कळायचं, दुखलं. म्हणून घातली शाल. तिचीच घातली, म्हणाली घाल, मला आता कुठे जायचंय शाल पांघरून." तो थांबला. "सरळ बसवायचं नाही तिला. पार मागे बसायची आणि माझ्या पाठीवर डोकं टेकायची."

"पार मागे," धाकटी म्हणाली.

"हो."

म्हणजे इतके महिने ती जागा सोडून बसत होती, आणि बसत होती नेमकी थोरलीच्या जागेवर. भ्यायची म्हणून मागे सरायची, मागे सरायची म्हणून गाडी खोकायची, आणि गाडी खोकायची म्हणून आणखी भ्यायची. तिला हसावं की रडावं कळेना. थोरलीने तिला कधी ढकललं नव्हतं. बिचारी आपल्या शालीसकट गप्प दबून बसली होती.

"मग काढून का नाही टाकलीत?" तिने विचारलं.

"सीट उघडली असती तर काढावी लागली असती," नवरा म्हणाला. "घरातलं सगळं आईने वाटून टाकलं. हे एवढंच कोणाला माहीत नव्हतं."

भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला एक क्षण वाटलं. भुताला घालवता येतं. हे कसं घालवणार? आणि तरी, या माणसाने हाताला सुया टोचून घेत कोणासाठी तरी हे केलं होतं, हे बघून तिचा राग कुठे गेला ते तिचं तिला कळलं नाही.

फिटरने फळीवरून ब्लेड उचललं. "कापतो टाके, वायरला टेप मारतो, झालं काम."

"ब्लेड नको," धाकटी झटकन म्हणाली. "शाल फाटेल." तिने स्टुलावरची पिशवी ओढली, तळात हात घातला, टॉवेल सोडला आणि कात्री काढली.

काढली आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. नवरा कात्रीकडे बघत होता. वायरमन असला तरी शिवणारीचा नवरा होता. खिळ्यावरून ही कात्री एकदा उतरवली होती म्हणून त्याने बोलणी खाल्ली होती.

"चार दिवसांसाठी कात्री कशाला?" त्याने विचारलं.

त्याला उत्तर नकोच होतं. त्याचा चेहरा उतरला, पार उतरला, आणि तो म्हणाला, "मला वाटायचं मी एकटाच ऐकतो तो खोकला. तुला सांगितलं तर तू जाशील, म्हणून बोललो नाही."

"न बोलून तरी काय मिळवलंत?" ती म्हणाली, आणि खाली बसली.

तिने एकेक टाका कापला. कात्रीचं टोक दोऱ्याखाली सरकवून, कापडाला न लागू देता. कोणी घाई केली नाही. शाल सुटली तेव्हा ती घडीच्या आकाराचीच राहिली, उलगडेना. धाकटीने ती नवऱ्यापुढे धरली. त्याने घेतली, आणि ती कुठे ठेवायची ते त्याला कळेना. खिशात मावणार नव्हती, खाली काळी जमीन. शाल घेऊन तो शेडच्या मधोमध उभा राहिला. शेवटी तिनेच ती त्याच्या हातातून घेऊन टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

फिटरने वायरला टेप मारली, ती सांगाड्याच्या दुसऱ्या बाजूने वळवून बांधली, पत्र्याखाली रबराचा जाड तुकडा दिला. काम करताना तो एकही विनोद करत नव्हता.

सीट बसली. गाडी रस्त्यावर आली. नवऱ्याने हँडल धरून, समोर बघत विचारलं, "स्टँडवर?"

"बस गेली असेल."

"पुढची आहे अर्ध्या तासाने," तो म्हणाला. अशा वेळीसुद्धा खरं बोलणारा माणूस! धाकटीला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

"आधी बघू दे, खोकते का," ती म्हणाली. "दवाखान्यापर्यंत घ्या."

ती बसली. या वेळी पुढे. त्याच्या पाठीची ऊब लागेल इतकी. गाडी निघाली. एक दुकान गेलं, दुसरं गेलं. ती कान देऊन ऐकत होती, खोकला येईल म्हणून नव्हे, तर येत नाही म्हणून. इतके महिने सोबत असलेला आवाज अचानक नसणं, हेही काही कमी भयानक नसतं.

दवाखाना दिसला. आडवा उंचवटा दिसला. नवऱ्याने क्लच दाबला, वेग सोडला, गाडी जवळजवळ थांबवली. तेव्हा तिला कळलं. इतके दिवस तिला वाटायचं, इथे गाडी खोकते म्हणून तो हळू घेतो. गाडी तर आता धडधाकट होती. हळू तो घेत होता.

ती त्याच्या कानाशी वाकली. "अहो, माझी पाठ धड आहे. जोरात घ्या."

तो तसाच थांबला. पाय जमिनीला टेकलेला, हात क्लचवर. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. मग त्याने गिअर टाकला आणि गाडी सोडली. पुढचं चाक वर उडालं, मागचं धाडकन आदळलं, धाकटी सीटवरून उचलली गेली आणि खाली आली, दात दातांवर आपटले. गाडी पलीकडे उतरली आणि त्याच लयीत पळत राहिली.

तिने पडू नये म्हणून हात पुढे टाकला होता. शर्टाकडे गेलेला हात तिने वाटेतच वर नेला. शर्टाची मूठ थोरलीची. तिने त्याचा खांदा धरला.

खांदा हलत होता. बराच वेळ हलत होता. तिने हात काढला नाही.

"खोकली नाही," शेवटी तो म्हणाला.

"नाही खोकली. आता घरी घ्या. कात्री खिळ्याला लावायची आहे. आई केव्हाच्या खिळ्याकडे बघत बसल्या असतील."

त्याने गाडी वळवली. पुन्हा उंचवटा आला तेव्हा धाकटीला जाणवलं, आपण पुढे सरकलो खरे, पण आता आपल्या मागे जागा राहिली आहे. वीतभर. एका बारीक माणसाला पुरेल एवढी. मानेवर गार वारा लागला. तिने पिशवीवरचा हात सोडून मागे चाचपलं. सीट अजून कोमट होती.

"ताई, नीट बसा," ती म्हणाली.

"मला म्हणालीस?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला नाही. तुम्ही पुढे बघून चालवा. आणि इथे जरा हळू घ्या."